गर्भपाताच्या गोळ्यांनंतर बाराव्या दिवशीही रक्तस्राव. सोनोग्राफीत ‘अंश शिल्लक’ आले म्हणून लगेच क्युरेटिंग करावे का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३१ आहे. मी सातारा जिल्ह्यात राहते आणि मला चार वर्षांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात दिवस गेल्याचे कळले तेव्हा नवऱ्याशी बोलून आम्ही दोघांनी हा गर्भ न वाढवण्याचे ठरवले. कराडच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सोनोग्राफी केली, गर्भ पिशवीतच असून सात आठवड्यांचा आहे असे सांगितले, फॉर्मवर माझी सही घेतली आणि पहिली गोळी त्यांच्यासमोर दिली. दोन दिवसांनी उरलेल्या चार गोळ्या मी घरी गालात धरून विरघळवल्या. तीन तासांत कळा सुरू झाल्या, थंडी वाजून थोडा ताप आला, संध्याकाळपर्यंत मोठ्या गुठळ्या पडल्या आणि रात्री कळा ओसरल्या. पंधराव्या दिवशी तपासणीला या, असे बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिले आहे.

आज पहिल्या गोळीपासून बारावा दिवस आहे आणि अंगावरून जायचे थांबलेले नाही. दिवसाला दोन-तीन पॅड लागतात. रंग बहुतेक वेळा तपकिरी असतो; मात्र परवा मुलीला कडेवर घेऊन जिना चढले, त्यानंतर पुन्हा लाल गेले आणि लिंबाएवढी एक गुठळी पडली. त्या भीतीने घरीच लघवीची तपासणी केली, तर दुसरी रेघ पुसट का होईना, उमटली. मग काल गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सोनोग्राफी करून आले. रिपोर्टमध्ये अस्तराची जाडी १३ मिलिमीटर असून आत गुठळ्या किंवा अंश शिल्लक असण्याची शक्यता आहे, असे लिहिले आहे. तो रिपोर्ट पाहून जवळच्या एका रुग्णालयात मला ‘आजच क्युरेटिंग करून घ्या, नाही तर पिशवीत विष पसरेल’ असे सांगण्यात आले आणि नवऱ्याची सही मागितली गेली. नवरा नोकरीसाठी पुण्याला असतो, म्हणून ते काल झाले नाही.

मला ताप नाही, वास येत नाही, ओटीपोटात पाळीत दुखते तेवढेच अधूनमधून दुखते. सासूबाईंना यातले काहीच माहीत नाही. त्यांना पाळीच जास्त दिवस चालली आहे असे वाटते. मी एका पतसंस्थेत काम करते आणि शिल्लक रजा संपत आली आहे. लगेच क्युरेटिंग करावे, की पंधराव्या दिवसापर्यंत थांबावे? ती पुसट रेघ म्हणजे गर्भ अजून आहे असे समजायचे का?

जुना_स्टेथोस्कोप

मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे माझे म्हणणे तुमच्या डॉक्टरांच्या म्हणण्याला पर्याय समजू नये. तरीही तुम्ही लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की काही गोष्टी निश्चित सांगता येतात.

आधी थांबायचे केव्हा नाही, ते सांगतो. एका तासात दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील आणि असे सलग दोन तास चालले असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, शेवटच्या गोळ्यांनंतर चोवीस तास उलटून गेल्यावरही १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, स्रावाला कुजका वास येत असेल किंवा गोळीने न थांबणारे आणि वाढत जाणारे पोटदुखी असेल, तर दिवस कितवा आहे आणि रात्रीचे किती वाजले आहेत हे न पाहता रुग्णालय गाठावे, आणि गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. गोळ्या घेतल्या त्या दिवशी आलेली थंडी आणि ताप हा औषधाचाच परिणाम असतो. तो त्याच दिवशी उतरतो, जसा तुमचा उतरला.

आता तुमच्या रक्तस्रावाकडे वळू. गोळ्यांनी गर्भपात झाल्यावर साधारण नऊ ते सोळा दिवस रक्त जाणे नेहमीचे आहे, आणि काही जणींना महिनाभरही थेंब-थेंब डाग लागत राहतात. पिशवीचे अस्तर एकाच वेळी सुटत नाही, थोडे थोडे सुटते. त्यामुळे दोन दिवस तपकिरी, एक दिवस लाल, मध्येच अर्धा दिवस कोरडा, असा लपंडाव चालतो. रात्रभर आडवे पडल्यावर साचलेले रक्त सकाळी उठताच गुठळीच्या रूपात पडते, तसेच ओझे उचलल्यावरही होऊ शकते. लिंबाएवढी एक गुठळी पडून नंतर स्राव पुन्हा कमी झाला असेल, तर ती धोक्याची खूण नाही. मी दिवस मोजण्यापेक्षा कल पाहतो: आठवड्यापूर्वीच्या तुलनेत आज पॅड कमी लागतात का, दुखणे कमी आहे का, मळमळ आणि छातीतला जडपणा गेला का?

सोनोग्राफीच्या त्या एका ओळीने माझ्या कारकिर्दीत किती पिशव्या विनाकारण खरवडल्या गेल्या असतील, याचा विचार करून अजूनही वाईट वाटते. यशस्वी गर्भपातानंतर दुसऱ्या आठवड्यात पिशवी कोणाचीही पाहिली तरी बहुतेकींत अस्तर जाडच दिसते आणि आत रक्त, गुठळ्या, अस्तराचे तुकडे असे मिश्र चित्र असते. प्रतिमेवरून गुठळी आणि अंश यांत फरक करणे कठीण असते, म्हणून सोनोग्राफी करणारे डॉक्टर ‘शक्यता आहे’ असे लिहितात, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. उपचार मात्र त्या जाडीच्या आकड्यावर ठरत नाहीत, रुग्णावर ठरतात. पिशवीत गर्भाची थैली शिल्लक दिसत नाही, ताप नाही, वास नाही आणि स्राव कमी होत आहे, एवढे असेल तर थांबणे हाच योग्य उपचार असतो. ‘विष पसरेल’ हे घाबरवण्याचे बोलणे झाले; गोळ्यांनंतर जंतुसंसर्ग होणे दुर्मीळ आहे आणि झाला तर तो ताप, वास, वाढते दुखणे यांतून दिसतो.

मूत्रतपासणीबद्दल. गर्भाचे संप्रेरक रक्तातून हळूहळू कमी होते आणि घरच्या पट्ट्या अगदी थोडे संप्रेरकही पकडतात, त्यामुळे चार आठवड्यांपर्यंत रेघ उमटू शकते. बाराव्या दिवशी ही तपासणी करून काहीच कळत नाही, जीव मात्र टांगणीला लागतो. चार आठवड्यांनी करावी. तेव्हाही ठळक रेघ आली, तर डॉक्टरांना दाखवावे.

हे सगळे वाचून पंधराव्या दिवशीची भेट टाळू नका. नऊ आठवड्यांच्या आत गोळ्या घेतलेल्या शंभरातील पंचाण्णवहून अधिक जणींचा गर्भपात पूर्ण होतो. पण साधारण शंभरात एखादीचा गर्भ वाढतच राहतो, आणि तिलाही रक्तस्राव झालेला असू शकतो. असा गर्भ तसाच पुढे नेणे इष्ट नसते, कारण दुसऱ्या टप्प्यातील गोळ्यांमुळे त्यात व्यंग येण्याचा धोका असतो. ती एखादी वेळेत सापडावी, हा त्या भेटीचा मुख्य हेतू आहे. तुमच्या बाबतीत कालच्या सोनोग्राफीत थैली दिसलेली नाही असे वर्णनावरून वाटते, तरी रिपोर्ट कराडच्या बाईंना आज फोनवर वाचून दाखवा. पहिल्या दिवसापासूनची हकीकत त्यांच्याकडे आहे, तेव्हा निर्णय त्यांनीच घ्यावा. पुढे कधी पिशवी रिकामी करावी लागलीच, तर नळीने शोषून घेण्याची पद्धत वापरता का, हे विचारा. धातूच्या चमच्याने खरवडण्याऐवजी हीच पद्धत वापरावी, असे जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे सांगत आहे.

मोगरा_७

माझ्या जावेला असेच झाले होते. ओळखीच्या मेडिकलमधून आणखी एक किट आणून घेतले आणि सगळे साफ झाले. रुग्णालयात जाऊन पैसे घालवण्यापेक्षा ते बरे.

जुना_स्टेथोस्कोप

मोगरा ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला कृपया कोणी घेऊ नये. किटमधली पहिली गोळी गर्भ सोडवण्यासाठी असते; गर्भ पडून गेल्यावर तिचा उपयोग नाही. दुसऱ्या औषधाची जास्तीची मात्रा अपूर्ण गर्भपातात आम्हीही देतो, परंतु ती तपासून आणि मोजून देतो. ज्यांनी सोनोग्राफी किंवा तपासणीशिवाय गोळ्या घेतल्या आहेत त्यांच्यासाठी एक वेगळा इशारा: गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, चक्कर आणि रक्तस्राव मात्र अगदी थोडा, असे असेल तर ती नळी फुटण्याची खूण असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

कोकणची_सिस्टर

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. डॉक्टरांनी औषधाचे सांगितले, मी घरातले सांगते.

एक छोटी वही करा. तारीख, पॅड किती, पूर्ण भिजले की नुसता डाग, ताप किती, एवढेच लिहायचे. ‘खूप जाते’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकीचा वेगळा असतो, आणि घाबरलेल्या बाईला कालचे पॅडही आठवत नाहीत. तपासणीला गेल्यावर ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. घरात थर्मामीटर नसेल तर आणा; हाताच्या स्पर्शाने ताप कळतो यावर माझा विश्वास नाही.

पोटात कळ आली तर डॉक्टरांनी दिलेली आयबुप्रोफेनची गोळी काहीतरी खाऊन घ्यावी आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. ॲस्पिरिन घेऊ नये, तिने रक्त जास्त जाते. अंघोळ रोज करावी. योनीच्या आत पाणी मारून धुणे, डेटॉल वगैरे घालणे बंद ठेवावे. स्राव पुरता ओसरेपर्यंत संबंध, टॅम्पॉन आणि मेन्स्ट्रुअल कप टाळावेत असे आमच्याकडे सांगतात. अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नाही. चालावे, स्वयंपाक करावा, कामावर जावे, मात्र भरलेली कळशी आणि चार वर्षांची लेक हे दोन्ही आठवडाभर दुसऱ्याने उचलावे. सुरुवातीच्या दिवसांत स्तनातून थोडे दुधासारखे पाणी आले तर घाबरू नका आणि पिळू नका. घट्ट ब्रा घालावी, ते आपोआप थांबते.

खाण्याच्या बाबतीत आमच्याकडे दोन टोके दिसतात. काही घरांत बाळंतिणीसारखे तूप, डिंक आणि अळीव यांचा मारा होतो, तर ज्या घरात कोणाला माहीतच नसते तिथे बाई शिळी भाकरी खाऊन धुण्याला बसते. दुसऱ्या प्रकारच्या बायका मला जास्त भेटतात. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांचे रक्त आधीच कमी असते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यात हे बारा दिवस. म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तासभर लांब ठेवावा. बाजरी, नाचणी, मटकी, पालेभाज्या, अंडी, चालत असेल तर मासे आणि कलेजी खावी. अळीव सासूबाईंना न सांगताही खाता येतो, थंडीचे लाडू म्हणून.

आता जी गोष्ट बायका शेवटी, दार लावता लावता विचारतात ती. पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस राहू शकतात. बीज आठ-दहा दिवसांतही सुटू शकते आणि बहुतेकींत तीन आठवड्यांत सुटते. पाळी स्वतः चार ते सहा आठवड्यांनी येते, म्हणजे तिची वाट पाहत बसलेल्या कितीतरी जणी महिनाभरात पुन्हा आमच्या दारात असतात. रोजच्या गोळ्या गर्भपाताच्या गोळ्यांच्याच दिवशी सुरू करता येतात. अंतराचे इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे असते. तांबी पिशवी रिकामी झाल्याची खात्री झाल्यावर बसवतात. सरकारी दवाखान्यात हे सगळे मोफत मिळते. कोणते घ्यायचे हे पंधराव्या दिवशी जाण्याआधी नवऱ्याशी बोलून ठेवा.

दुपारची_एसटी

माझा अनुभव तीन वर्षांपूर्वीचा आहे. मला एकोणीस दिवस रक्त गेले. पण मला लिहायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. निर्णय माझा होता, त्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही, पहिल्या आठवड्यात तर सुटल्यासारखेच वाटले; आणि तरीही दुसऱ्या आठवड्यात भांडी घासताना कारण नसताना रडू यायचे. दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, हे मला कळेना. माझ्या डॉक्टरांनी सांगितले की संप्रेरके एकदम खाली येतात त्याचाही त्यात वाटा असतो. घरात कोणाशी बोलता येत नव्हते, म्हणून मी एका मैत्रिणीला सांगितले, आणि ते मला कोणत्याही गोळीपेक्षा उपयोगी पडले. रडू, झोप न लागणे, कशातच मन न लागणे हे दोन-तीन आठवड्यांनंतरही टिकले, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

सासूबाईंना सांगायचे की नाही हा तुमचा प्रश्न आहे. मी सांगितले नाही आणि त्याचे ओझेही बाळगले नाही.

फायलींचा_गठ्ठा

मी कामगार कायद्याचे काम करते, म्हणून सही, गुप्तता आणि रजा या तीनच गोष्टींवर लिहिते.

नवऱ्याची सही मागण्याला १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात आधार नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते; पालकाची लेखी संमती लागते ती अठराखालील मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. कराडमध्ये फक्त तुमची सही घेतली ते नियमाला धरूनच झाले. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निष्फळ ठरल्याच्या कारणात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे केले, त्यामुळे हे वाचणाऱ्या अविवाहित मुलींनीही तपासणीला जाताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

त्याच दुरुस्तीने ५ ए हे कलम आले. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव आणि तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगण्यास डॉक्टरांना मनाई आहे. सांगितल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गावातले डॉक्टर सासऱ्यांच्या ओळखीचे असले तरी हे कलम त्यांना लागू आहे, आणि तसे त्यांना शांतपणे सांगता येते.

रजेचे म्हणाल, तर गर्भपात नैसर्गिक असो वा वैद्यकीय, त्यानंतर लगेचची सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवलेली आहे. आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेली आस्थापना असावी, या अटी पाहाव्या लागतील. अडचण अशी की ही रजा घ्यायची तर कारणाचा पुरावा पतसंस्थेला द्यावा लागतो, आणि डॉक्टरांवर असलेले गुप्ततेचे ते कलम तुमच्या कार्यालयातील कारकुनावर नाही. संस्था लहान आणि गाव ओळखीचे असेल, तर काही जणी हक्क सोडून साधी आजारपणाची रजा घेतात. डॉक्टर प्रमाणपत्रावर केवळ वैद्यकीय विश्रांतीची गरज आहे, एवढेच लिहू शकतात. हे योग्य आहे असे माझे मत नाही, परंतु तुमच्या घरची परिस्थिती तुम्हालाच माहीत.

निगेटिव्ह_गट

मध्येच विचारते, क्षमस्व. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे. गोळ्या घेऊन दोन दिवस झाले. मैत्रिणीला गर्भपातानंतर ॲन्टी-डीचे इंजेक्शन दिले होते, मला दिले नाही.

जुना_स्टेथोस्कोप

निगेटिव्ह गटाच्या आईच्या शरीरात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत, म्हणजे पुढच्या गर्भाला त्रास होणार नाही, यासाठी ते इंजेक्शन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार बारा आठवड्यांच्या आतील गर्भपातात त्याची गरज नाही. आपल्याकडे अनेक डॉक्टर अजूनही ते देतात. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी न देण्यात चूक केली असे म्हणता येत नाही. द्यायचेच असेल तर ते ७२ तासांच्या आत देतात, तेव्हा आजच त्यांना विचारून घ्या.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. त्याच दिवशी कराडच्या बाईंना फोन करून रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी ताप, वास आणि पॅडची संख्या विचारली आणि थांबायला सांगितले. काल पंधराव्या दिवशी वही घेऊनच गेले. वही पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘हे कोणी शिकवले?’ पोट आणि आतून तपासले, पिशवी पूर्ववत लहान होत आहे, तोंड बंद आहे, क्युरेटिंगची गरज नाही, असे सांगितले. हिमोग्लोबिन ९.४ निघाले, म्हणून तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. आता दिवसाला एकच पॅड लागतो, तोही जेमतेम डागाचा. रजा मी आजारपणाचीच घेतली. नवरा शनिवारी येऊन गेला आणि जाईपर्यंत मुलीला त्यानेच उचलले.

कृष्णाकाठ

इथे येऊन वाचणाऱ्यांसाठी पुढचे लिहिते. एकविसाव्या दिवशी डाग पूर्ण थांबले. तिसाव्या दिवशी मूत्रतपासणी केली, एकच रेघ आली. पाळी एकेचाळिसाव्या दिवशी आली. पहिले दोन दिवस नेहमीपेक्षा जास्त गेले आणि मी पुन्हा वही काढली, पण पाचव्या दिवशी ती थांबली. त्याच आठवड्यात तांबी बसवून घेतली. अळिवाचे लाडू सासूबाईंनीच केले. माझा चेहरा फिकट दिसतो म्हणाल्या.